चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या अ‍ॅलर्जीच्या गोळ्या: कुठली, कोणाला, किती दिवस?

सदाफुली

आमच्या घरात प्रत्येकाला या ना त्या प्रकारची अ‍ॅलर्जी आहे. हवा पालटली की नवऱ्याला सकाळी उठल्याउठल्या शिंकांवर शिंका सुरू होतात. मुलगी डोळे चोळचोळून लाल करते. माझ्या अंगावर मधूनच गांधी उठतात. वडील पंचाहत्तरीच्या पुढचे आहेत, त्यांचं नाक सतत गळतं, आणि त्यांना प्रोस्टेटचा त्रासही आहे.

औषधांच्या डब्यात तऱ्हेतऱ्हेच्या पट्ट्या साठल्या आहेत आणि ज्याच्या हाताला जी लागेल ती तो घेतो. हे मला थांबवायचं आहे. सेट्रिझिन, लिव्होसेट्रिझिन, लोराटाडिन, फेक्सोफेनाडिन, शिवाय "सर्दीची गोळी" म्हणून मिळते ती, यांत नेमका फरक काय? नवरा रोज बराच वेळ गाडी चालवतो, त्याला कुठली चालेल? वडिलांना कुठली टाळावी? आणि अशा गोळ्या किती दिवस घेतल्या तर चालतात? डॉक्टरांकडे जाणारच आहोत, पण जाण्याआधी काय विचारायचं ते तरी कळलेलं असावं.

रानवारा

मी गेली काही वर्षं सेट्रिझिन रात्री झोपताना घेतो. शिंका थांबतात, सकाळी त्रास नाही. आमच्या बहिणीला मात्र तीच गोळी घेतली की दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत डोकं जड राहतं. त्यामुळे "मला चालते" याला दुसऱ्यासाठी फारसा अर्थ नाही एवढं नक्की. वाचतोय.

औषधपेटी

सदाफुलीताई, चांगला धागा काढलात. माझं शिक्षण आणि काम दोन्ही औषधांचंच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी मुळाशी काय घडतं ते. धूळ, परागकण, बुरशी, प्राण्यांच्या अंगावरचा कोंडा यांपैकी एखाद्या गोष्टीविरुद्ध अ‍ॅलर्जी असलेल्या माणसाच्या शरीरात आयजीई नावाची प्रतिपिंडं तयार झालेली असतात. ती मास्ट पेशींवर चिकटून बसलेली असतात. तीच धूळ पुन्हा आली की या पेशी चेततात आणि त्यांतून हिस्टामिन नावाचं रसायन बाहेर पडतं. ते एच-१ नावाच्या ग्राहींवर, म्हणजे पेशींवरच्या त्याच्या ठरलेल्या जागांवर, जाऊन बसलं की मज्जातंतूंच्या टोकांना खाज सुटते, शिंका येतात, नाकातून पाणी वाहतं, त्वचेखालच्या रक्तवाहिन्या सैल होऊन गांधी उठतात. तुम्ही विचारलेल्या या अ‍ॅलर्जीच्या गोळ्यांना अँटिहिस्टामिन म्हणतात. अशी गोळी हिस्टामिन तयार होणं थांबवत नाही. ती त्याची जागा अडवते, रुमाल टाकून जागा धरावी तशी. म्हणूनच शिंकून शिंकून बेजार झाल्यावर घेण्यापेक्षा आधी घेतली तर जास्त उपयोग होतो. ज्याला ठराविक ऋतूत त्रास होतो त्याने त्या दिवसांत रोज ठराविक वेळी घेतलेली बरी. आज घेतली, उद्या विसरली, परवा दोन घेतल्या असं करू नये.

आता गोळ्यांच्या दोन पिढ्या. जुन्या पिढीत क्लोरफेनिरामिन, डायफेनहायड्रामिन, प्रोमेथाझिन, हायड्रॉक्सिझिन. नव्या पिढीत सेट्रिझिन, लिव्होसेट्रिझिन, लोराटाडिन, डेसलोराटाडिन, फेक्सोफेनाडिन, बिलास्टिन. अ‍ॅलर्जीवरच्या गुणात जुन्या काही सरस नाहीत. फरक आहे तो मेंदूचा. हिस्टामिन मेंदूत आपल्याला जागं ठेवण्याचं काम करतं. जुन्या गोळ्या सहज मेंदूत शिरतात आणि तिथलेही एच-१ ग्राही अडवतात, म्हणून गुंगी येते. नव्या गोळ्यांपैकी बऱ्याचशा मेंदूच्या वेशीवरूनच परत पाठवल्या जातात, कारण तिथे पी-ग्लायकोप्रोटीन नावाचा पंप त्यांना बाहेर ढकलत असतो.

नव्या पिढीतही सगळ्या सारख्या नाहीत. फेक्सोफेनाडिन मेंदूत जवळजवळ जातच नाही. लोराटाडिन नेहमीच्या डोसला फारशी गुंगी आणत नाही. सेट्रिझिन थोडी जाते. तिच्या चाचण्यांत १० मिलिग्रॅम डोसवर सुमारे १४ टक्के लोकांना झोप आली, तर औषध नसलेल्या नकली गोळीवर सुमारे ६ टक्क्यांना. म्हणजे रानवारा यांचा अनुभव खरा आणि त्यांच्या बहिणीचाही खरा.

गाडी चालवणाऱ्यासाठी माझी पहिली पसंती फेक्सोफेनाडिन. प्रौढांसाठी नेहमीचा डोस दिवसातून एकदा १२० किंवा १८० मिलिग्रॅम. सेट्रिझिन आणि लोराटाडिन १०, लिव्होसेट्रिझिन ५. यापेक्षा जास्त मनाने घेऊ नये.

चौकस

उत्तम माहिती. पण एक शंका. मी वर्षानुवर्षं ती पिवळी, छोटीशी जुनी गोळी घेत आलोय आणि मला अजिबात झोप येत नाही. मग मला गाडी चालवायला हरकत काय? शरीराला सवय होते ना?

औषधपेटी

@चौकस, यावर मला अगदी ठामपणे लिहायचं आहे, कारण हा समज फार पसरलेला आहे आणि धोकादायक आहे.

झोप आल्यासारखं वाटणं आणि मेंदू मंदावणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अमेरिकेत आयोवा इथे गाडी चालवण्याच्या सिम्युलेटरवर एक अभ्यास झाला होता, तो २००० साली प्रसिद्ध झाला. त्यात त्याच माणसांना वेगवेगळ्या वेळी फेक्सोफेनाडिन, डायफेनहायड्रामिन, मद्य आणि नकली गोळी देऊन गाडी चालवायला लावली. डायफेनहायड्रामिन घेतल्यावरचं चालवणं मद्य प्यायल्यानंतरच्या चालवण्यापेक्षाही वाईट होतं. फेक्सोफेनाडिनवरचं चालवणं नकली गोळीसारखंच. आणि सगळ्यात महत्त्वाचं हे, की त्या माणसांना स्वतःला किती झोप आल्यासारखं वाटतंय यावरून त्यांचं चालवणं किती बिघडलंय याचा अंदाज बांधता येत नव्हता.

तेव्हा "मला काही होत नाही" ही खात्री ज्याची त्याला देता येत नाही. सवयीने डुलकी कमी येईलही, पण प्रतिक्रियेला लागणारा वेळ आणि लक्ष यांचं काय झालं हे आतून कळत नाही. रात्री घेऊन भागेल असंही नाही. क्लोरफेनिरामिन शरीरात बराच काळ रेंगाळतं, रात्रीच्या गोळीचा बराच अंश सकाळी रक्तात असतो. गाडी चालवणं, यंत्रावर काम, उंचीवरचं काम, परीक्षा, यांत जुनी गोळी नको. आणि मद्याबरोबर तर कुठलीच गुंगीची गोळी नको.

चौकस

हे मला माहीत नव्हतं. पट्टी बदलतो. मनापासून आभार.

कागदी होडी

विषय निघालाच आहे तर थोडा इतिहास, मला या गोष्टीचं फार अप्रूप आहे. पहिली अँटिहिस्टामिन संयुगं १९३७ च्या सुमारास पॅरिसच्या पाश्चर संस्थेत डॅनिएल बोव्हे यांच्या कामातून पुढे आली. पुढे १९५७ साली त्यांना नोबेल मिळालं. डायफेनहायड्रामिन १९४६ साली अमेरिकेत वापरात आलं. प्रोमेथाझिनच्या घराण्यातल्या रेणूंवर काम करतानाच क्लोरप्रोमाझिन सापडलं, ज्याने मानसिक आजारांच्या उपचारांचं चित्रच पालटलं. म्हणजे अ‍ॅलर्जीच्या गोळीने येणारी गुंगी हा दुष्परिणाम कोणीतरी नीट निरखून पाहिला आणि त्यातून एक वेगळीच वाट निघाली.

दुसरी गोष्ट टर्फेनाडिनची. गुंगी न आणणारी गोळी म्हणून ती खूप गाजली. पण एरिथ्रोमायसिन किंवा केटोकोनाझोल यांसारख्या औषधांबरोबर घेतली की यकृतात तिचं रूपांतर व्हायचं थांबायचं, रक्तात मूळ औषध साठायचं आणि हृदयाचे ठोके जीवघेण्या रीतीने बिघडायचे. १९९० च्या दशकाच्या अखेरीस ती बाजारातून गेली. यकृत तिच्यापासून जो पदार्थ बनवतं तो मात्र हृदयाला असा त्रास देत नाही आणि अ‍ॅलर्जीवर काम तोच करतो. तोच पदार्थ आज आपण फेक्सोफेनाडिन म्हणून घेतो. सेट्रिझिनचंही तसंच आहे, हायड्रॉक्सिझिन शरीरात गेल्यावर त्यातूनच सेट्रिझिन बनतं.

औषधपेटी

वा, छान सांगितलंत. टर्फेनाडिनची गोष्ट आम्हाला शिकवतानाही सांगितली होती. दुकानात सहज मिळते म्हणून गोळी निरुपद्रवी असते असं नाही, हे त्या एका उदाहरणाने मनावर ठसलं. दुसरं कुठलंही औषध चालू असेल तर औषध देणाऱ्याला ते सांगाच.

जुईचा वेल

सदाफुली, तुझ्या वडिलांबद्दल वाचून लिहायला बसले. आमच्या सासऱ्यांनाही प्रोस्टेटचा त्रास. सर्दी झाली म्हणून कोणीतरी सर्दीची गोळी आणून दिली, ती त्यांनी दिवसभरात दोनतीनदा घेतली. रात्री लघवी पूर्ण तुंबली. पोट दुखून तळमळत होते, तरी एक थेंब उतरत नव्हता. नळी घालावी लागली. तिथल्या डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, सर्दीचं काही घेतलंय का? मी पट्टी दाखवली. त्यांनी ती उलटी केली, मागच्या बारीक अक्षरांवर पेन ठेवलं आणि एकेक नाव वाचून दाखवलं: पॅरासिटामॉल, फेनिलएफ्रिन, क्लोरफेनिरामिन. म्हणाले, यांतली शेवटची दोन यांच्यासाठी नाहीत.

त्या दिवसापासून घरात येणारी प्रत्येक पट्टी मी उलटी करून वाचते. समोर मोठ्या अक्षरांत जे छापलेलं असतं ते कंपनीने ठेवलेलं नाव. आपल्या पोटात काय जाणार ते मागे लिहिलेलं असतं.

औषधपेटी

जुईचा वेल, तुम्ही लिहिलंत ते प्रत्येक घरात वाचलं जावं असं मनापासून वाटतं.

यामागचं कारण असं. जुन्या पिढीच्या गोळ्या फक्त हिस्टामिनवर थांबत नाहीत, त्या अ‍ॅसिटिलकोलिन या दुसऱ्या रसायनाचंही काम अडवतात. म्हणून तोंड कोरडं पडतं, बद्धकोष्ठ होतो, डोळ्यांसमोर अंधुक दिसतं, मूत्राशय नीट आकुंचन पावत नाही. प्रोस्टेट वाढलेली असेल तर लघवी तुंबते. काचबिंदूच्या एका प्रकारात, जिथे डोळ्यातला कोन अरुंद असतो, तिथे डोळ्याचा दाब एकदम वाढू शकतो. आणि म्हाताऱ्या माणसांत गोंधळ उडणं, रात्री उठून भलतंच बोलणं, तोल जाऊन पडणं. घरचे म्हणतात वयामुळे झालं, आणि कारण असतं ती सर्दीची गोळी. वृद्धांना टाळावीत अशा औषधांची बीअर्स यादी अमेरिकन जेरिअ‍ॅट्रिक्स सोसायटी अद्ययावत करत असते, तिच्यात या जुन्या अँटिहिस्टामिन गोळ्या आहेत.

सदाफुलीताई, वडिलांसाठी क्लोरफेनिरामिन आणि तिच्या बहिणी नकोतच. झोप लागावी म्हणून मिळणाऱ्या गोळ्यांतही पुष्कळदा डायफेनहायड्रामिन असतं, तेही पाहा. नव्या पिढीतलं काही द्यायचं तरी आधी मूत्रपिंडांची तपासणी झालेली आहे का बघा, कारण सेट्रिझिन आणि लिव्होसेट्रिझिन मुख्यतः मूत्रपिंडांवाटे बाहेर पडतात आणि त्यांचं काम मंदावलेलं असेल तर डोस कमी करावा लागतो. दुसरं म्हणजे या वयात सतत नाक गळण्याचं कारण दर वेळी अ‍ॅलर्जीच असतं असं नाही. म्हातारपणी नाकातल्या नसांमुळेही पाणी येतं, त्यावर या गोळ्या चालत नाहीत. ते डॉक्टरांनी बघू द्या.

सदाफुली

आजच डबा उपसला. वडील घेत होते त्या पट्टीच्या मागे क्लोरफेनिरामिन आणि फेनिलएफ्रिन दोन्ही निघाली. ती बाजूला काढली. त्यांना गेल्या काही दिवसांत लघवीला कुंथावं लागत होतं, तेही डॉक्टरांना सांगणार आहे. जुई, तुझे किती आभार मानू.

आणखी एक प्रश्न राहिला. नवऱ्याच्या शिंका गोळीने थांबतात, पण नाक चोंदलेलं ते चोंदलेलंच. तोंडाने श्वास घेत झोपतो. गोळी बदलून काही होईल का?

निळी शाई

या प्रश्नाचं उत्तर मी देतो, कारण चोंदलेल्या नाकाशी मी बरीच वर्षं झगडलोय आणि शेवटी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जाऊन सुटलो.

अँटिहिस्टामिन गोळ्या शिंका, खाज आणि पाणी यांवर चांगल्या. चोंदलेल्या नाकावर त्यांचा जोर कमी पडतो. नाक चोंदतं ते आतला पडदा सुजल्याने, आणि त्या सुजेमागे हिस्टामिनखेरीज इतर रसायनंही असतात. तिथे उपयोगी पडतो तो नाकात मारायचा स्टेरॉइडचा फवारा: फ्लुटिकासोन, मोमेटासोन, बुडेसोनाइड वगैरे. स्टेरॉइड म्हटलं की लोक बिचकतात, पण हा नाकातच काम करतो, रक्तात फार थोडा जातो. नियमित त्रास असलेल्यांसाठी नाकाच्या अ‍ॅलर्जीवर तो गोळीपेक्षा सरस ठरतो. मात्र तो मारल्या मारल्या नाक उघडत नाही. पूर्ण परिणाम दिसायला काही दिवस, कधी दोन आठवडे लागतात. लोक दोन दिवस मारतात आणि सोडून देतात.

आणि मारायची पद्धत! मला ती कोणी नीट दाखवली नव्हती तोवर नुसतं घशात कडवट उतरायचं. नाक हलकं शिंकरून घ्यायचं. मान मागे टाकायची नाही, किंचित पुढे झुकवायची. उजव्या नाकपुडीत डाव्या हाताने, डाव्या नाकपुडीत उजव्या हाताने, म्हणजे टोक आपोआप बाहेरच्या बाजूला, कानाच्या दिशेला वळतं. मधल्या पडद्यावर मारत राहिलं तर तो कोरडा पडून रक्त येतं. मारताना हलकाच श्वास घ्यायचा, जोरात ओढायचं नाही. ओढलं की औषध नाकात न राहता घशात जातं.

नाक झटकन मोकळं करणारे थेंब, झायलोमेटाझोलिन, ऑक्सिमेटाझोलिन, हे वेगळे. ते तीन ते पाच दिवसांच्या वर वापरायचे नाहीत. पुढे नाक त्यांनाच चिकटतं. थेंबांचा असर उतरला की आधीपेक्षा जास्त चोंदतं, म्हणून माणूस पुन्हा थेंब टाकतो, आणि हे महिनोन्महिने चालतं.

औषधपेटी

निळी शाई यांनी अगदी बारकाईने लिहिलंय, त्यात एकच भर. सर्दीच्या गोळ्यांत नाक मोकळं करायला म्हणून जे फेनिलएफ्रिन घातलेलं असतं, ते तोंडावाटे घेतल्यावर नाक मोकळं करतच नाही, असा एकमुखी निष्कर्ष एफडीए या अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेच्या सल्लागार समितीने २०२३ च्या सप्टेंबरमध्ये काढला. पुढच्या वर्षी एफडीएने ते तोंडावाटे घ्यायच्या चिठ्ठीविना औषधांतून काढण्याचा प्रस्तावही मांडला. म्हणजे चार घटकांच्या गोळीतला एक असा, ज्याचा फायदा दिसत नाही, आणि रक्तदाब असलेल्यांनी मात्र जपायला हवं. मला अशा मिश्रणांचा मनापासून राग आहे. ज्याला फक्त शिंका आहेत त्याने ताप-अंगदुखीचं औषध का घ्यावं? वर तापासाठी वेगळी पॅरासिटामॉल घेतली की तिचा डोस नकळत दुप्पट होतो.

त्रास फक्त डोळ्यांचा असेल, सदाफुलीताईंच्या मुलीसारखा, तर ओलोपाटाडिन किंवा केटोटिफेनचे थेंब थेट डोळ्यात घालणं गोळीपेक्षा लवकर गुण देतं. वयाप्रमाणे कुठले ते विचारून घ्या. लेन्स वापरत असाल तर काढून थेंब घाला आणि दहा-पंधरा मिनिटांनीच परत लावा.

आईची लेक

मुलांचं विचारू का? मुलगा तीन वर्षांचा आहे. प्रवासात रडतो म्हणून एका नातेवाइकांनी सल्ला दिला, अ‍ॅलर्जीचं सिरप थोडं पाज, शांत झोपेल. मला ते पटलं नाही. पण "आम्ही आमच्या मुलांना दिलंय, काही झालं नाही" असं म्हटल्यावर पुढे काय बोलावं ते सुचेना.

औषधपेटी

तुमचं मन बरोबर सांगत होतं. मुलाला झोपवण्यासाठी अँटिहिस्टामिन कधीही देऊ नये. प्रोमेथाझिन दोन वर्षांखालच्या मुलांना देऊ नये असा ठळक इशारा अमेरिकेत २००४ पासून तिच्या वेष्टनावर आहे, कारण श्वास मंदावून मुलं दगावली आहेत. २००८ साली एफडीएने दोन वर्षांखालच्या मुलांना चिठ्ठीविना मिळणारी सर्दी-खोकल्याची औषधं देऊ नका असंही सांगितलं. शिवाय काही मुलांना गुंगी येण्याऐवजी उलटंच होतं, ती चिडचिडी आणि अस्वस्थ होतात, रात्रभर झोपत नाहीत.

खरोखर अ‍ॅलर्जी असेल तर वय आणि वजन बघून डॉक्टर सांगतील ते, सहसा नव्या पिढीतलंच. सिरप बाटलीबरोबर आलेल्या मापाने किंवा सुई नसलेल्या सिरिंजने मोजा, घरातल्या चमच्याने नाही. चमचे लहानमोठे असतात. आणि सिरपच्या बाटलीवर ५ मिलिलिटरमध्ये किती मिलिग्रॅम हे वाचा, एकाच औषधाच्या दोन बाटल्यांत ते वेगळं असू शकतं.

नातेवाइकांना एवढंच सांगा: डॉक्टरांनी नको म्हटलंय. वाद संपतो.

दवबिंदू

माझ्या डब्यात लिव्होसेट्रिझिन आणि माँटेलुकास्ट अशी जोडगोळी आहे. एकदा डॉक्टरांनी लिहून दिली होती, आता मी त्रास झाला की आपली आपणच आणते. ही पण अँटिहिस्टामिनच ना?

औषधपेटी

अर्धीच. माँटेलुकास्ट अँटिहिस्टामिन नाही, ते ल्युकोट्रायीन या दुसऱ्या रसायनांवर काम करतं. दम्यात त्याला स्थान आहे. पण काही लोकांत त्याने भीतीदायक स्वप्नं, चिडचिड, नैराश्य, आत्महत्येचे विचार असे परिणाम दिसले आहेत, मुलांतही. त्यामुळे मार्च २०२० मध्ये एफडीएने त्यावर सर्वांत कडक प्रतीचा इशारा घातला आणि नुसत्या नाकाच्या अ‍ॅलर्जीसाठी इतर औषधं चालत नसतील तेव्हाच वापरा असं सांगितलं. दवबिंदू, ही जोडगोळी स्वतःहून आणू नका. फक्त शिंका असतील तर एकट्या अँटिहिस्टामिनने भागतं का ते डॉक्टरांना विचारा. मध्यंतरी झोपेत किंवा मनःस्थितीत बदल झाला असेल तर तोही सांगा.

दवबिंदू

गेल्या वेळी घेत असताना फार विचित्र स्वप्नं पडत होती. त्याचा याच्याशी संबंध असेल हे डोक्यातही आलं नव्हतं. उद्याच फोन करते.

रानवारा

फेक्सोफेनाडिनबद्दल एक ऐकलंय, फळांच्या रसाबरोबर घेऊ नये. खरं का?

औषधपेटी

खरं आहे. सफरचंद, संत्रं, ग्रेपफ्रूट यांच्या रसाने ते आतड्यात शोषलं जाणं बरंच कमी होतं. साध्या पाण्याबरोबरच घ्यायचं. अ‍ॅल्युमिनियम-मॅग्नेशियम असलेलं आम्लपित्ताचं औषध घेत असाल तर दोहोंत अंतर ठेवा. "मला फेक्सोफेनाडिन लागूच पडत नाही" म्हणणाऱ्यांनी आधी हे तपासावं. बिलास्टिन तर रिकाम्या पोटीच, जेवणाआधी एक तास किंवा जेवणानंतर दोन तासांनी.

वाटसरू

सगळं वाचलं. माझं मत थोडं वेगळं आहे. अ‍ॅलर्जी गोळ्यांनी दाबून टाकली की ती आत मुरते आणि दुसरीकडून बाहेर येते, दमा होतो, असं आमच्याकडे मोठी माणसं म्हणत आली आहेत. मी गोळ्या घेत नाही. वर्षानुवर्षं घेऊन शरीराला चटक लागणार नाही का?

औषधपेटी

वाटसरू, गोळ्या न घेण्याचा तुमचा निर्णय तुमचाच, आणि धूळ टाळून, अंथरुणं कडक गरम पाण्यात धुऊन, उकळून गार केलेल्या मिठाच्या पाण्याने नाक धुऊन ज्याचं भागतं त्याने जरूर तसंच करावं. पण "दाबल्याने दमा होतो" याला आधार नाही. नाकाची अ‍ॅलर्जी आणि दमा पुष्कळदा एकाच माणसात असतात, कारण दोन्हींची मुळं सारखी आहेत. नाक आधी त्रास देतं, दमा नंतर दिसतो, म्हणून गोळीने झाला असं वाटतं. उलट, नाकाचा उपचार नीट केला नाही तर दमाही आटोक्यात ठेवणं जड जातं.

मुळाशी जाणारा उपचार म्हणाल तर तो इम्युनोथेरपी. ज्या गोष्टीची अ‍ॅलर्जी आहे तीच अगदी थोड्या मात्रेपासून सुरू करून इंजेक्शनने किंवा जिभेखाली देत जातात. तीन वर्षांच्या आसपास ती चालते, आणि तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच.

चटकेबद्दल. नव्या पिढीच्या गोळ्यांचं व्यसन लागत नाही, गुणही सहसा ओसरत नाही. पण एक गोष्ट सांगायलाच हवी. मे २०२५ मध्ये एफडीएने इशारा दिला की सेट्रिझिन किंवा लिव्होसेट्रिझिन महिनोन्महिने, वर्षानुवर्षं रोज घेऊन अचानक बंद केल्यावर काही लोकांना काही दिवसांतच अंगभर भयंकर खाज सुटते. ज्यांना आधी खाज नव्हती त्यांनाही. प्रकार दुर्मीळ आहे, पण लोक ती अ‍ॅलर्जीच परत आली समजून पुन्हा गोळीवर जातात. असं झालं तर डॉक्टरांना सांगा. पुन्हा सुरू करून हळूहळू डोस उतरवत आणल्यावर काहींची खाज गेली आहे.

वाटसरू

पटलं असं पूर्ण म्हणत नाही, पण नाक आणि दम्याची मुळं एकच हे समजलं. इम्युनोथेरपीबद्दल विचारीन.

जुईचा वेल

माझी एक कळकळीची विनंती. ज्यांना एखाद्या खाण्याची, औषधाची किंवा मधमाशी-गांधीलमाशीच्या दंशाची जोरदार अ‍ॅलर्जी आहे त्यांनी ही गोळी जवळ आहे म्हणून निर्धास्त राहू नये. औषधपेटी, यावर जरा लिहाल का?

औषधपेटी

नक्की. अंगभर गांधी, ओठ-जीभ सुजणं, आवाज घोगरा होणं, घसा आवळल्यासारखा वाटणं, धाप, छातीत घरघर, उलट्या, चक्कर, गळून जाणं, यांतलं त्वचेपलीकडचं काहीही झपाट्याने सुरू झालं तर तो अ‍ॅनाफिलॅक्सिस, म्हणजे जिवावर बेतणारा अ‍ॅलर्जीचा झटका, असू शकतो. त्यावर पहिलं औषध अ‍ॅड्रेनालिन, मांडीच्या बाहेरच्या बाजूच्या स्नायूत. गोळीला काम सुरू करायलाच अर्धा-एक तास लागतो, आणि ती उतरलेला रक्तदाब वर आणत नाही, आवळलेली श्वासनलिका उघडत नाही. गोळी दिली, आता वाट बघू, यात जीव गेले आहेत. माणसाला आडवं निजवा, पाय उंच करा, श्वास लागत असेल तर बसतं राहू द्या, एकदम उभं करू नका, आणि लगेच रुग्णालय गाठा. बरं वाटलं तरी तिथे काही तास थांबायचं, कारण त्रास पुन्हा उलटू शकतो.

सदाफुली

तुम्हा सगळ्यांचे आभार. आता माझ्याबद्दल. त्वचेच्या डॉक्टरांनी गांधींसाठी रोज सेट्रिझिन सांगितली आहे आणि म्हणाल्या की दोनेक आठवड्यांत आटोक्यात नाही आलं तर डोस वाढवू. इथे तर सगळे मनाने डोस वाढवू नका म्हणताहेत, म्हणून विचारते. शिवाय पुढच्या महिन्यात त्वचेवर सुई टोचून करतात ती अ‍ॅलर्जीची चाचणी आहे. गोळी चालू ठेवू का?

औषधपेटी

डॉक्टर सांगताहेत ते बरोबरच आहे. सहा आठवड्यांच्या वर चालणाऱ्या गांधींमध्ये नव्या पिढीच्या गोळीचा डोस नेहमीच्या चौपटीपर्यंत वाढवायला आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना परवानगी देतात, पण ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली आणि मूत्रपिंडं ठीक असतील तर. जुन्या गोळ्यांना हे अजिबात लागू नाही. गरोदर असाल किंवा बाळ अंगावर पीत असेल तर तेही त्यांना सांगा. सेट्रिझिन आणि लोराटाडिनचा गरोदरपणातला अनुभव दिलासा देणारा आहे, तरी ठरवायचं त्यांनीच.

टोचून करायच्या चाचणीआधी मात्र गोळी बंद ठेवावी लागते, साधारण पाच ते सात दिवस, नाहीतर त्वचेवर फोड उठतच नाही आणि अ‍ॅलर्जी असूनही नाही असा निकाल येतो. सर्दी-खोकल्याच्या सिरपमध्ये, झोपेच्या गोळीत लपलेलं अँटिहिस्टामिनही धरायचं, नैराश्यावरच्या काही जुन्या गोळ्याही चाचणी बिघडवतात, त्या मात्र स्वतःहून बंद करायच्या नाहीत, चाचणी करणाऱ्याला सांगायचं. नाकातला स्टेरॉइडचा फवारा चालू राहिला तरी हरकत नसते. गोळी बंद केल्यावर गांधी सोसवतच नसतील तर रक्तातून आयजीई मोजायची चाचणी करता येते का ते विचारा. ती गोळी चालू असतानाही करता येते.